ब्रिटिश शॉर्टहेअर घ्यावी की आपलं गावठीच बरं?

मृदुला_ठाणे
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमची मांजर ठकी यंदा जानेवारीत गेली. २००९ च्या जुलैत भर पावसात सोसायटीच्या जनरेटरखाली सापडली होती, मुठीएवढी. डावा कान कुणीतरी चावलेला, तो शेवटपर्यंत तसाच फाटका राहिला. रोज पहाटे साडेचारला येऊन माझ्या पापणीवर पंजा ठेवायची, नखं आत घेऊन, नुसती गादी. अजूनही साडेचारला जाग येते.

आता मुद्दा. तिची डॉक्टरांकडची फाईल आवरताना लेकीने (नववीत आहे) जातीचा रकाना वाचला. सोळा वर्षं तिथे 'डीएसएच' लिहिलेलं, मी कधी विचारलंच नाही. तिने शोधलं तर ते डोमेस्टिक शॉर्टहेअर. झालं. "आई, ठकी पण शॉर्टहेअरच होती, मग आता ब्रिटिश शॉर्टहेअर आणू, एकाच घरातली ना ती." तिच्या मैत्रिणीकडे तसलं राखाडी, गोल तोंडाचं, पिवळ्याजर्द डोळ्यांचं मांजर आहे. नवरा पण तयार. एका ब्रीडरने ४५ हजार सांगितलेत, वंशावळीचे पेपर हवे असतील तर वेगळे पैसे.

मला पैशापेक्षा हे कळत नाहीये की आपण नक्की काय विकत घेणार आहोत. दोन्ही आखूड केसांची, दोन्ही म्यावच करणार. खरा फरक काय? ज्यांनी दोन्ही पाळलीत त्यांनी प्लीज सांगा.

कोकणचा_बाब्या
पहिला मी! ताई, चिपळूणला या. पडवीत पाच पिल्लं आहेत, निवडून घ्या, वर पिशवीभर सुकट माझ्याकडून.

सदाशिव_पेठकर
दोन्ही पाळली आहेत, म्हणून लिहितो. सध्या घरात एक निळा ब्रिटिश बोका (हो, त्या राखाडीला निळाच म्हणतात) आणि एक गावठी भाटी, वाड्याच्या जिन्यात जन्मलेली.

बोका साडेसहा किलो, भाटी सव्वातीन. बोक्याचे केस हाताला लागतात तेव्हा फरक कळतो. बोटाने बाजूला केले तरी खालची कातडी दिसत नाही, इतके दाट, जणू नवीन सतरंजीत बोटं घातली. भाटीचे केस अंगासरशी, उन्हात बसली की बरगडीवरची त्वचा हलताना दिसते. स्वभाव म्हणाल तर बोका उचलून घेतलेला चालवून घेत नाही. चारी पाय ताठ करतो आणि तोंड फिरवतो. पण तुम्ही ज्या खोलीत जाल त्या खोलीत हातभर अंतरावर येऊन बसतो. भाटी मांडीत, मानेवर, कणकेच्या परातीत, कुठेही.

उड्या मारण्यात, उंदरात, पालीत भाटी एक नंबर. बोका पाल बघतो, भाटीला बोलावल्यासारखा आवाज काढतो आणि बसून राहतो. हे माझ्या घरातलं झालं, सगळ्यांचं असंच असेल असं नाही.

रानजाई
४५ हजार!! रस्त्यावर रोज मांजरं गाडीखाली जातायत, सोसायटीवाले पोत्यात भरून लांब सोडून येतायत, आणि आपण जातीचं मांजर विकत घ्यायचं? मृदुला, सॉरी, पण ठकीसारखी जनरेटरखाली आजही कुणीतरी ओरडत असेल. मी गेली सात वर्षं आमच्या भागातल्या मांजरांची नसबंदीची ऑपरेशनं करून आणते, दर पावसाळ्यात तेच. माझं मत ठाम आहे, विकत घेऊ नये.

झकास_राव
रानजाई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण ज्याचे पैसे त्याची मर्जी. त्यांनी सोळा वर्षं एक गावठी सांभाळलंय की.

रानजाई
मर्जीबद्दल वाद नाही. मर्जीसाठी एखादी भाटी पिंजऱ्यात वर्षाला दोन-तीन वेळा विते, त्याबद्दल आहे.

निळी_शाई
धागाकर्तीचा मूळ प्रश्न फार चांगला आहे, 'आपण नक्की काय विकत घेणार'. त्यावर थोडं लांबट लिहिते.

ब्रिटिश शॉर्टहेअर म्हणजे मुळात लंडनचं गावठी मांजर. शब्दशः. तिथल्या गल्लीबोळात, कोठारात, खाटकाच्या दारात उंदीर मारत फिरणारं. १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. लोक या साध्या मांजराकडे तुच्छतेने बघायचे ते बदलावं अशी त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी त्याने अंगकाठी, केस, रंग कसे असावेत याची मापं लिहून काढली. तिथून मग नोंदी ठेवायला सुरुवात झाली. १९१० मध्ये ब्रिटनची जीसीसीएफ ही नोंदणी संस्था झाली, त्याआधी १९०६ मध्ये अमेरिकेत सीएफए. पुढे दोन महायुद्धांत ही मांजरं इतकी कमी झाली की जात टिकवायला त्यात पर्शियनचं रक्त मिसळावं लागलं. आज जो गोल चेहरा आणि गुबगुबीत गाल दिसतात त्यात पर्शियनचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेचं तर अजून मजेशीर. त्यांच्या अमेरिकन शॉर्टहेअर या जातीचं नाव १९६६ पर्यंत काय होतं माहितीये? डोमेस्टिक शॉर्टहेअर! म्हणजे ठकीच्या फाईलवर होतं तेच. साध्या मांजरांपासून वेगळं दिसावं म्हणून नाव बदललं.

तर मला विचाराल तर जात म्हणजे वही. आई कोण, बाप कोण, आजी कोण, हे पिढ्यान्पिढ्या लिहिलेली वही. त्या वहीचे पैसे असतात. तुमचा ब्रीडर म्हणतो पेपरचे पैसे वेगळे, म्हणजे तो ४५ हजाराला नुसता रंग विकतोय. आणि रंग तर गावठीतही येतो. काळ्या रंगाचा फिका प्रकार म्हणजे हा निळा, आईबाप दोघांकडून तो गुण आला की कुठल्याही गल्लीत राखाडी पिल्लू जन्मतं.

कोकणचा_बाब्या
आमच्या पाचातलं एक राखाडीच आहे की! आजपासून त्याचं नाव लॉर्डसाहेब.

सदाशिव_पेठकर
निळी_शाई, उत्तम प्रतिसाद. वहीची उपमा पटली.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. बहिणीने ब्रिटिश आणली होती, एवढा दाट कोट घालून ते बिचारं दिवसभर माठाच्या तिवईखाली ओल्या फरशीवर पोट टेकवून पडून राहे. कूलर लावला की त्याच्यासमोर, लाईट गेली की जीव कासावीस. शेवटी एसी घेतला मांजरासाठी. आमची गावठी दुपारी गच्चीत पत्र्याच्या सावलीत आरामात झोपून राहिली असते. ठाण्यात ऊन कमी पण दमट हवा आहे, तेही पहा बाप्पा.

मृदुला_ठाणे
वाचतेय सगळं. निळी_शाई, लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली म्हणजे ठकी अमेरिकेत असती तर जातिवंत ठरली असती. 😊 वऱ्हाडी_ठेचा, एसीचा मुद्दा डोक्यातच नव्हता.

प्राणीवैद्य_सांगली
पशुवैद्य आहे, छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस आहे. इथे काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

एक म्हणजे रक्तगट. मांजरात मुख्यतः ए आणि बी असे गट. आपली गावठी बहुतेक ए. ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये बी गट बराच जास्त आढळतो. बी गटाच्या मांजराच्या अंगात ए विरुद्ध कडक प्रतिद्रव्यं जन्मजात तयार असतात, त्यामुळे त्याला ए चं थोडं रक्त दिलं तरी जिवावर बेतू शकतं. आता विचार करा, रात्री अकराला तुमच्या ब्रिटिशला रक्त लागलं, दाता कोण? शेजारचं गावठी, म्हणजे ए. म्हणून असं मांजर घरात आल्यावर पहिल्या तपासणीतच गट काढून फाईलवर लिहून ठेवा. ब्रीडरसाठी तर हे अजून महत्त्वाचं. बी गटाच्या आईची पिल्लं ए असली तर पहिल्या दिवसाचा चीक पिऊनच ती मरतात, कारण चिकातून आईची प्रतिद्रव्यं पिल्लाच्या रक्तात जातात. सकाळी धट्टीकट्टी, दुसऱ्या दिवशी पिवळी पडलेली, लघवी लालसर. लोक म्हणतात नजर लागली.

दुसरी गोष्ट हृदय. एचसीएम म्हणजे हृदयाची भिंत जाड होत जाणे. ब्रिटिशमध्ये, विशेषतः बोक्यांत, हे दिसतं. मेन कून या जातीसाठी २००५ पासून आणि रॅगडॉल जातीसाठी २००७ पासून त्यांच्यातल्या दोषी जनुकाची चाचणी करता येते. ब्रिटिशसाठी मात्र आईबापांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) हाच मार्ग, आणि तोही एकदाच करून भागत नाही. पण गावठीवाल्यांनी खूश होऊ नये, साध्या मांजरांतही साधारण १५ टक्क्यांच्या आसपास हे सापडतं. फक्त कुणी इको करत नाही.

आणि तिसरं मूत्रपिंडातल्या गाठी, पीकेडी. ते पर्शियनकडून आलेलं दुखणं. एका पालकाकडून जरी आलं तरी पुरतं. याची मात्र जनुकीय चाचणी आहे, गालाच्या आतून कापसाने पुसून नमुना घेतात.

तेव्हा ब्रीडरकडे तीनच गोष्टी मागा: आईबापांचा रक्तगट, इकोचा रिपोर्ट, पीकेडीचा रिपोर्ट. आणि पिल्लाला आईसोबत बघा. निळी_शाई म्हणतात ती वही खरी असेल तर तिच्यात हे सगळं असतं.

झकास_राव
डॉक्टर, हे सोनं आहे. मॉडरेटर, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा.

लीड्सची_शमा
इथे इंग्लंडमध्ये साध्या मांजराला मॉगी म्हणतात आणि बहुतेक घरांत मॉगीच असते. आम्ही मात्र ब्रिटिश घेतली, जीसीसीएफच्या नोंदणीची. अनुभव सांगते. ब्रीडर बाईंनी आधी आमचीच मुलाखत घेतली! दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं का, बाग रस्त्याला लागून आहे का. पिल्लू १३ आठवड्यांचं झाल्याशिवाय दिलं नाही, तसा तिथल्या नोंदणीचा नियमच आहे. दोन्ही लशी, चिप, आईचे रिपोर्ट सगळं पाकिटात. आता तर १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला चिप लावणं कायद्याने बंधनकारकच झालंय, मॉगी असो की कुणी.

आम्ही पुण्यात होतो तेव्हा ४५ दिवसांची पिल्लं विकायला आलेली बघितलीत. त्या वयात पिल्लू आईकडून किती जोरात चावायचं, कधी थांबायचं हे शिकत असतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे हाताला ओरबाडत राहतं आणि मग लोक म्हणतात ही जातच चिडकी.

अंधेरीचा_अभि
जाता जाता, कुणाला माहितीये का की 'बॉम्बे' नावाची पण मांजराची जात आहे? काळीकुळकुळीत, चकचकीत, तांब्याच्या नाण्यासारखे डोळे. आणि तिचा मुंबईशी संबंध शून्य! १९५० च्या दशकात अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल इथे निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी बर्मीज आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून तयार केली. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी म्हणून नाव बॉम्बे. आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममधला काळ्या बघितला असता तर बाईंना एवढा खटाटोप करावा लागला नसता.

निळी_शाई
अभि, हो! आणि त्यातलं बर्मीज रक्त तरी आपल्या शेजारचं. १९३० मध्ये वाँग माऊ नावाची एक तपकिरी भाटी एका डॉक्टरने ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला नेली, अमेरिकेतल्या बर्मीज जातीची सुरुवात तिच्यापासून. म्हणजे रंगूनकडची मांजरी तिकडे जाऊन वहीत चढली.

सुगरण_सुनंदा
अवांतर विचारते, रागावू नका. आमच्याकडे शाकाहारी स्वयंपाक, मांजर दूधपोळीवर मजेत आहे, चार वर्षं झाली. गावठीला चालतं, जातीच्याला ते महागाचं खाणं लागतं, बरोबर ना?

प्राणीवैद्य_सांगली
सुनंदाताई, नाही. जीभ आणि पोट दोघांचंही सारखंच. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मांसमासळीतून मिळतं, पोळीतून अजिबात नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगून ढिलं पडतं. टॉरिन आणि हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत उघड झाला, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. तुमचं मांजर चार वर्षं टिकलंय म्हणजे ते बाहेर जाऊन उंदीर-पाली खात असणार. घरात मांस नको असेल तर तयार कोरडं खाणं आणा, उकडलेलं अंडं जोडीला द्या. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. आणि कुणीही, कुठल्याही मांजराला तापाची पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी जीव घेते.

सुगरण_सुनंदा
बाई गं. शेजारी जाते ती रोज, तिकडे मासे असतात. आता लक्षात आलं. आजच खाणं आणते.

कोकणचा_बाब्या
बांगड्याची डोकी उकडून, काटे काढून, भातात कालवून. आमची आजी अख्ख्या वाडीतल्या मांजरांना घालायची, अंगणात ओळीने बसायची. वाघाच्या मावशीला दूधपोळी म्हणजे अन्यायच.

अनामिक_आर्जवी
मी सहसा नुसती वाचते, आज लिहिते. स्कॉटिश फोल्ड या जातीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आम्ही २०१८ मध्ये घेतली, कान दुमडलेले, घुबडासारखा चेहरा, सगळ्यांना वेड लागायचं. दोन वर्षांची झाल्यावर सोफ्यावर उडी मारेना. आधी पुढचे पंजे ठेवायची, थांबायची, मग मागचा भाग ओढून घ्यायची. आम्हाला वाटलं आळशी आहे. बाहुलीसारखी मागचे पाय पुढे पसरून बसायची त्याचे आम्ही फोटो काढायचो. तिसऱ्या वर्षी शेपूट हाताळली की ओरडायला लागली. एक्सरे काढला तर मागच्या पायांच्या घोट्याची हाडं एकमेकांना चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, जो दोष कान दुमडतो तोच अंगभर कूर्चा बिघडवतो. कान दुमडलेलं प्रत्येक मांजर कमीअधिक या दुखण्याचं असतं. तसं बसायची ते गोड दिसायला नाही, दुखायचं म्हणून.

गेल्या वर्षी गेली. वेदनाशामक गोळ्या शेवटपर्यंत. कृपा करून फोल्ड घेऊ नका. एवढंच सांगायचं होतं.

रानजाई
आर्जवी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. तुमचा काही दोष नाही.

प्राणीवैद्य_सांगली
आर्जवी यांनी लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे. ही जात १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सूझी नावाच्या पांढऱ्या भाटीपासून सुरू झाली. जीसीसीएफने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिची नोंदणी बंद केली. दोषी जनुक २०१६ मध्ये सापडलं. नेदरलँड्समध्ये यांची पैदास करायला बंदी आहे.

मृदुला, याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. फोल्ड-फोल्ड जोडी लावली तर पिल्लांचे हाल फार वाईट होतात, म्हणून फोल्डची जोडी सर्रास ब्रिटिशशी लावतात. त्या वेतात काही दुमडक्या कानाची, काही सरळ कानाची. सरळ कानाची ती 'ब्रिटिश' म्हणून खपवता येतात. कान दुमडायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून सगळी पिल्लं एकत्र बघा, एकही कान दुमडलेला दिसला तर काय ते समजा.

चहाटळ_चंदू
गावठी घ्या, काटक असतं, दवाखाना माहीत नाही. विषय संपला.

सातारची_सई
चंदू, नाही संपला. मला या 'गावठी काटक' वाक्याचा खरंच त्रास होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यात चार पिल्लं होती. एका आठवड्यात तीन गेली. पहिलं पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं, तासन्‌तास, पीत मात्र नव्हतं, नुसती हनुवटी वाटीच्या काठावर. मग उलटी, जुलाब, संपलं. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. लस दिली असती तर वाचली असती. वाचलेलं चौथं आता गलेलठ्ठ आहे आणि येणारेजाणारे म्हणतात, बघा गावठी किती काटक. बाकीची तीन कुणी बघितलीच नाहीत ना. काटक दिसतात कारण नाजूक होती ती गटारात, गोठ्यात कधीच मेलेली असतात.

गावठी आणा, पण लस, जंताचं औषध, ऑपरेशन सगळं करा. आठ-नऊ आठवड्यांना ट्रायकॅटचा (तीन रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची.

चहाटळ_चंदू
पटलं. शब्द मागे घेतो.

रानजाई
सई +१००. आणि मी स्वतः रस्त्यावरची मांजरं आणणारी असून सांगते, घरात दुसरं मांजर असेल तर नवीन पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत. तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो.

सदाशिव_पेठकर
आयुष्याचा विषय निघालाच आहे तर. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या मांजरांची जातवार आयुर्मानं काढून छापली. संकरित, म्हणजे आपल्या भाषेत गावठी, साधारण ११.९ वर्षं. बर्मीज १४.४. आणि बिनकेसाची स्फिंक्स सातच्याही आत. म्हणजे 'जातीचं की गावठी' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही, कुठली जात हे विचारायला हवं. ब्रिटिश त्या यादीत गावठीच्या खाली होती, हे मी स्वतः ब्रिटिश पाळत असूनही सांगतो.

अंधेरीचा_अभि
आमच्या मीटर रूममधल्या काळ्याच्या शेजारणीला, तीन रंगी आहे ती, परवा चार झाली. तीन रंगी नेहमी भाटीच का असते हो?

निळी_शाई
केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून. भाटीकडे दोन एक्स, एकावर केशरी, एकावर काळा, अंगभर कुठे हे जागं कुठे ते. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे केशरी तरी किंवा काळा तरी. क्वचित जादा एक्स घेऊन जन्मलेला तीन रंगी बोका असतो. हे जनुक नेमकं कुठलं ते २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधून काढलं. पण धागा भरकटायच्या आत मूळ विषयावर येऊ. मृदुला, काय ठरलं?

मृदुला_ठाणे
काल जाऊन आलो त्या ब्रीडरकडे. सविस्तर लिहिते.

फ्लॅट होता, हॉलमध्ये मखमली गादीवर तीन पिल्लं, खरंच कापसाचे गोळे. लेक तर विरघळलीच. मी डॉक्टरांचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. रक्तगट विचारला तर ते गृहस्थ म्हणाले मांजराला कसला रक्तगट. इको म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "मॅडम, मांजर घ्यायला आलात का सून बघायला?" मी म्हटलं दोन्हीकडे घरीच आणायचंय.

मग मी म्हटलं आई दाखवा. आधी म्हणाले फिरायला गेलीय(!), मग गावी आहे, मग लेकच म्हणाली आतून आवाज येतोय. मागच्या बाल्कनीत पिंजरा होता, वरून चादर टाकलेली. निळीच होती ती. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून गालावरचे केस तांबूस चिकट झालेले, पोट लोंबत होतं, आणि पिंजऱ्याची जाळी जिथे तिच्या नाकाला लागत असावी तिथले केस गेलेले. लेकीने बोट आत घातलं तर तिने डोकं टेकवलं त्या बोटावर आणि तशीच राहिली. शेजारच्या पिंजऱ्यात एक पिल्लू होतं, कान दुमडलेलं. आर्जवी, तुमची आठवण झाली.

आम्ही न घेता निघालो. लिफ्टमध्ये लेक रडली. "मला पिल्लू नको, ती आई हवी" म्हणाली. मी परत वर जाऊन विचारलं, ती देणार का. नाही म्हणाले, अजून दोन वेतं होतील.

रात्रभर झोप नाही. रानजाई, तुमचं पहिलं बोलणं मला तेव्हा टोचलं होतं. आता टोचत नाही.

रानजाई
मृदुला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. त्या भाटीबद्दल पत्ता कळवा. २०१८ चे पेट शॉपचे नियम मांजरांनाही लागू आहेत, घरातून चालणाऱ्या धंद्याला कसं गाठायचं ते इथल्या प्राणी कल्याणवाल्या वकिलांना विचारते. आश्वासन देत नाही, प्रयत्न करते.

लीड्सची_शमा
वाचून पोटात कालवलं. आणि हे पण म्हणते, सगळे ब्रीडर असे नसतात. लेकीला ब्रिटिशच हवी असेल तर रिपोर्ट दाखवणारा, आई मांडीवर आणून देणारा शोधा, सहा महिने लागले तरी थांबा.

रानजाई
शमा, इथे आपलं जमणार नाही. 😊 पण आई दाखवणारा हवा, एवढ्यावर आपण दोघी एक आहोत.

कोकणचा_बाब्या
ताई, लॉर्डसाहेब (राखाडी) सहा आठवड्यांचा आहे. शमाताई म्हणतात तसा १३ आठवडे आईजवळच ठेवतो, लशी देतो. आई पडवीत राजरोस बसलेली असते, कधीही येऊन बघा. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. मासे खाऊन जा.

मृदुला_ठाणे
बाब्या, लेकीने सात आठवडे कॅलेंडरवर मोजून लाल गोल केलाय, घेऊ की नाही ते मी अजून बोलले नाहीये. गणपतीत तसंही माहेरी खेडला जायचंय, चिपळूण किती लांब तिथून.

तोवर एकच मदत हवी. ठकीला सवय होती, ती कठड्यावर यायची नाही. नवीन पिल्लाचं सांगता येत नाही आणि आम्ही सातव्या मजल्यावर. ठाण्यात बाल्कनीला मांजराची जाळी चांगली कोण लावून देतं? कबुतरांची नको, तिची भोकं मोठी असतात, ठकीची मान एकदा अडकली होती.

अंधेरीचा_अभि
व्यनि केला आहे. आमच्याकडे त्यांनीच लावली, भोक दीड इंचाच्या आत सांगा आणि खालची कड फरशीला हुकांनी पक्की करून घ्या, पिल्लं खालून घुसतात.